डिझेलची बेगमी

मला तेलकट घाणीची किळस आहे, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं मी हायडेलबर्गच्या एका लॅबमध्ये लोकांची थुंकी, लघवी आणि पू काचपट्ट्यांवर पसरवला. त्याचं मला कधी काही वाटलं नाही. हात धुवायचे, डबा उघडायचा आणि पोळी-भाजी खायची. पण ग्रीस म्हटलं की माझ्या अंगावर काटा येतो. ते नखांत शिरतं, साबणाला दाद देत नाही आणि दुसऱ्या दिवशी कणीक मळताना परातीतून त्याचा वास वर येतो. अशा बाईच्या वाट्याला निवृत्तीनंतर काय यावं, तर ट्रॅक्टर.

तोही शेतातला मोठा, रुबाबदार ट्रॅक्टर नाही. आमच्या मोटारीपेक्षा आखूड, नारिंगी रंग उडालेला, सीटचा फोम बाहेर आलेला आणि सुरू केल्यावर काळ्या धुराची एक उबळ टाकून मगच कामाला लागणारा. तो आमच्या शेजारच्या शेतकऱ्याचा. आमचं घर डोंगरातल्या एका खेड्याच्या अगदी टोकाला आहे. गावचा रस्ता खाली संपतो आणि तिथून आमच्या दारापर्यंत पावणेदोनशे मीटरचा चढ लागतो. हा चढ खाजगी. गेमाइंडेची, म्हणजे इथल्या ग्रामपंचायतीची, बर्फ लोटणारी गाडी खालच्या वळणावरून इमानेइतबारे परत फिरते, एक फूटही वर येत नाही. इतकी वर्षं आमचा चढ तो शेतकरीच मोकळा करायचा. मी त्याला दर हिवाळ्यात लिंबाच्या लोणच्याची बरणी द्यायची आणि तो ते सॉसेजला लावून खायचा. तो गेला, पोरांनी गुरं विकली, आणि त्याच्या बायकोनं हा ट्रॅक्टर पुढच्या पात्यासकट आमच्या गॅरेजमध्ये आणून लावला. म्हणाली, आता तुमचं तुम्ही बघा.

ह्यांना आनंद झाला होता. हे, म्हणजे माझा नवरा. छत्तीस वर्षं या देशात राहिलो, ऑफिसात वरिष्ठांनाही पहिल्या नावानं हाक मारली, पण घरात ह्यांना नावानं हाक मारणं मला जमलं नाही. ‘अहो’वर लग्न झालं आणि ‘अहो’वरच चाललंय. ह्यांची सगळी नोकरी डिझेल इंजिनांचे इंधनपंप तपासण्यात गेली, त्यामुळे ट्रॅक्टर पाहून माहेरचं माणूस भेटल्यासारखे खुलले. येत्या हिवाळ्यात मीच चालवणार म्हणाले. आणि मग मार्चमध्ये ह्यांच्या किडन्यांनी हात टेकले.

साखरेचा आजार जुनाच होता, पण आम्ही दोघंही त्याला घरातल्या भाडेकरूसारखे सरावलो होतो. एप्रिलपासून आठवड्यातून तीन दिवस डायलिसिस सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार. सकाळी सव्वासातला टॅक्सी दारात येते, आठला सेंटरमध्ये सुई टोचतात, साडेचार तास यंत्राला जोडून ठेवतात आणि दोनच्या सुमाराला टॅक्सी परत आणून सोडते. एक खेप चुकली तर पाणी फुफ्फुसात चढू शकतं, हृदय थांबू शकतं. शुक्रवार ते सोमवार हे अंतर सगळ्यात लांब, म्हणून सोमवार चुकवायचाच नाही, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी मला बोट नाचवत सांगितलं होतं.

सप्टेंबरमध्ये टॅक्सीवाल्यानं आणखी एक सांगितलं. हा जाडजूड, सतत नाक ओढणारा माणूस शेजारच्या गावचा. चढाकडे बघून म्हणाला, “बर्फ असलं तर मी वर येणार नाही, बाई. साफ असेल तर येईन. नाहीतर तुम्ही ह्यांना खाली आणा.” हे तेव्हा बाथरूमपर्यंत भिंत धरून जात होते. ह्यांना बर्फातून पावणेदोनशे मीटर खाली कोण आणणार होतं?

बर्फ काढून देणाऱ्या तीन कंपन्यांना मी फोन केले. एकाची यादी भरली होती, दुसरा खाजगी चढ घेत नव्हता, तिसऱ्यानं फोनच ठेवला. मुलगी एश्बॉर्नला असते, तिला सांगितलं. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. म्हणाली, “मामा, त्सीट दोख आइनफाख उम!” म्हणजे, आई, सरळ घर बदला. जणू घर म्हणजे मोजे. मी “गेनाऊ”, म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं आणि फोन ठेवला.

उरला ट्रॅक्टर. आणि उरले मी.

आता इथे माझ्या एका शहाणपणाची गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करून ठेवणं माझ्या हाडांत मुरलेलं आहे. माझ्या आईकडे मे महिन्यात गच्चीवर पाय ठेवायला जागा नसायची. गहू, डाळी, मिरच्या, चिंच, कुरडया, सगळं उन्हात पडलेलं. पावसाळ्यात दुकानासमोर उभं राहणारी बाई आईच्या लेखी फुकट होती. इथे पाच मिनिटांवर सुपरमार्केट असलं तरी माझ्या तळघरात जूनमध्ये वर्षाचं तिखट, वर्षाचं लोणचं, वर्षाचा गोडा मसाला तयार असतो. तर जुलैमध्ये मला वाटलं, बर्फ पडल्यावर पेट्रोलपंपावर कशाला धावायचं? मी चार कॅन आणले, प्रत्येकात वीस लिटर डिझेल भरलं, त्यांच्यावर मार्करनं देवनागरीत ‘डिझेल, जुलै’ असं लिहिलं आणि लोणच्यापासून लांब, तळघराच्या दुसऱ्या कोपऱ्यात ओळीनं मांडून ठेवले. हे जिन्याला धरून खाली आले, कॅनकडे बघितलं आणि म्हणाले, “छान. वर्षाची सोय झाली.” मला किती बरं वाटलं होतं तेव्हा! मूर्ख बाई.

ऑक्टोबरमध्ये जुळणी सुरू केली. गॅरेजच्या दारात हे प्लास्टिकच्या खुर्चीवर, गुडघ्यांवर पांघरूण घेऊन बसायचे आणि मी ट्रॅक्टरच्या खाली. पहिल्याच दिवशी हवेच्या फिल्टरचं झाकण उघडलं तर आत उंदराचं घरटं. सीटचा फोम, वर्तमानपत्राचे तुकडे, आणि त्यात बोटाच्या पेराएवढी चार गुलाबी पिल्लं, मेलेली. आणि तो मुतारीचा वास. मी बाहेर जाऊन ओकले. परत आले तर हे शांतपणे म्हणाले, “आता ते झाकण गरम पाण्यानं धू. आणि फिल्टर आपट, पण हलक्या हातानं.”

मग साखळ्या. बर्फात मागची चाकं घसरू नयेत म्हणून त्यांच्यावर लोखंडी साखळ्या चढवाव्या लागतात. साखळी जमिनीवर पसरायची, ट्रॅक्टर तिच्यावर आणायचा आणि मग चाकाच्या मागून, जिथे डोळ्यांना काही दिसत नाही तिथे, हात घालून आकडा अडकवायचा. तिथे त्या शेतकऱ्याच्या गोठ्यातलं वर्षानुवर्षांचं शेण वाळून चिकटलं होतं आणि माझ्या घामानं ते पुन्हा ओलं होत होतं. आकडा तीनदा निसटला. चौथ्या वेळी मी मराठीत अशा काही शिव्या घातल्या की हे खुर्चीत पोट धरून हसले. ते त्या वर्षातलं ह्यांचं शेवटचं मोठ्यानं हसणं असावं.

मग वजन. पुढे पातं लावलं की ट्रॅक्टरचं ढुंगण हलकं होतं, चाकं जागच्या जागी फिरतात. म्हणून मागच्या बाजूला पेटी अडकवून तिच्यात खडीची पोती ठेवायची. ती खडी नंतर रस्त्यावर टाकायलाही उपयोगी. पोती पंचवीस-पंचवीस किलोची. मी वाडग्यानं अर्धी-अर्धी करून भरली. आणि मग पातं. दोन जाड पिना, दोन हायड्रॉलिकचे पाइप. पाइप जोडताना तेलाची पिचकारी उडून नेमकी माझ्या ओठांवर आली. त्या चवीबद्दल मी काही लिहिणार नाही.

पात्याच्या खालच्या कडेला रबराची जाड पट्टी बोल्टांनी आवळलेली असते. तीच रस्त्याला घासते. लोखंड सरळ घासलं तर गटाराच्या झाकणात अडकून चालवणाऱ्याचे दात पडतील, असं ह्यांचं म्हणणं. पातं किती खाली टेकावं हे ठरवायला दोन लोखंडी पाय असतात, ते वर-खाली करायचे. आमचा चढ खाली डांबरी आहे आणि वरचा तुकडा खडीचा. पाय जास्त वर केले तर पातं खडीच खरवडून नेणार, कमी केले तर बर्फाचा थर तसाच राहणार. ह्यांनी माझ्याकडून ते सहा वेळा करवून घेतलं. “दोन मिलीमीटर अजून.” “अहो, दोन मिलीमीटरनं काय होतंय?” “अगं, दोन मिलीमीटरनं इंजिनं जातात.” मला ट्रॅक्टर, पातं आणि हे, तिघांचाही उबग आला होता.

नोव्हेंबरपासून ह्यांच्या सूचना थांबल्या. गॅरेजमध्ये येणं बंद झालं. मी काही विचारलं की “कर तुला हवं तसं” म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत बसायचे. खरं सांगायचं तर मी सुखावले. निदान कानाशी भुणभुण नाही.

घरातलं जगणं तसंही किळसवाणं झालं होतं. पोटॅशियम कमी व्हावं म्हणून भाज्या दोनदा उकळून पाणी फेकायचं. मीठ नाही, टोमॅटो नाही, डाळ चमच्यानं मोजून. दिवसभरात पाणी इतकंच, म्हणून पेल्यावर खूण. तो बटाट्याचा बेचव लगदा वाढताना मलाच मळमळायचं. आणि रविवारी संध्याकाळी, दोन दिवसांचं विष अंगात साठलं की ह्यांच्या श्वासाला अमोनियासारखा वास यायचा. आयुष्यभर लघवीच्या बाटल्या हाताळलेली मी, नवऱ्याच्या तोंडाच्या वासानं मान फिरवायची. उशी नीट करायच्या निमित्तानं, पडदा ओढायच्या निमित्तानं. मला वाटायचं, ह्यांच्या लक्षात येत नाही.

डिसेंबरात दोनदा बर्फ पडलं. थोडं, ओलं, शून्याच्या आसपासचं. ट्रॅक्टरच्या टाकीत शेतकऱ्याचंच जुनं डिझेल होतं. मी दोन्ही वेळा चढ मोकळा केला, बर्फाच्या त्या राखाडी चिखलात गुडघ्यापर्यंत भिजले, त्याखालून कुत्र्यांची घाण वर आली तीही लोटली, आणि टॅक्सी दारापर्यंत आली. टॅक्सीवाल्यानं अंगठा दाखवला. मी घरात येऊन ह्यांना म्हटलं, “बघा, जमलं.” ह्यांनी मान हलवली. नाताळात टाकी रिकामी झाली म्हणून मी तळघरातून माझे दोन कॅन आणून ओतले, मोठ्या दिमाखात.

जानेवारीतला तो सोमवार. शनिवार-रविवार बर्फ पडत होतं आणि रविवारी संध्याकाळी आभाळ मोकळं होऊन थंडी पडली. सकाळी खिडकीबाहेरच्या तापमापकात उणे तेरा. ह्यांचे पाय घोट्यापासून पोटऱ्यांपर्यंत सुजले होते, बोट दाबलं की खड्डा तसाच राहत होता. रात्रभर तीन उशांवर टेकून बसले होते, आडवं झालं की धाप लागत होती. मी ह्यांना स्वेटर घालून तयार ठेवलं आणि पावणेसहाला गॅरेजमध्ये गेले.

ट्रॅक्टर पहिल्या फटक्यात सुरू झाला. नेहमीची काळी उबळ, मग घरघर. मी पातं खाली केलं, तिरकं केलं आणि दारापासून खाली लोटत निघाले. बर्फ गुडघ्याच्या थोडं खाली, हलकं, साखरेसारखं सरकणारं. मला चक्क मजा वाटली, हे लिहायला लाज वाटते. साठेक मीटर गेले असेन. इंजिनाचा आवाज बदलला. दमेकऱ्यासारखं एकदा, दोनदा अडखळलं आणि बंद पडलं. किल्ली फिरवली, नुसता स्टार्टर. पुन्हा फिरवली. पुन्हा. मग स्टार्टरही सुस्तावला, म्हणून हात आवरला. पातं खाली टेकलेलं, चढाच्या ऐन मध्ये, दोन्ही बाजूंना बांध. सायकल जाईल एवढी जागा, गाडी मात्र कधीच गेली नसती. जो रस्ता मोकळा करायला मी निघाले होते, त्याला मीच बूच मारलं होतं.

सात वाजले. मी टॉर्च घेऊन इंजिनाचं झाकण उघडलं. इंधनाच्या फिल्टरची काचेची वाटी असते, तिच्यात एरवी पिवळसर, स्वच्छ डिझेल दिसतं. त्या दिवशी आत पांढरट, दाट काहीतरी होतं. थंडीत गोठलेल्या तुपासारखं, पण शिसारी आणणारं. मला कळेना, हे कुठून आलं.

सव्वासातला खालून टॅक्सीचे दिवे दिसले. टॅक्सीवाला नाक ओढत, शिव्या देत, बर्फातून चालत वर आला. त्यानं टॉर्च माझ्या हातातून घेतली, वाटीत बघितलं. “हे कधी भरलंत?”

“जुलैमध्ये.”

“जुलैमध्ये! जानेवारीसाठी?” तो माझ्याकडे बघतच राहिला. “उन्हाळ्याचं डिझेल आहे हे. थंडीत मेण होतं त्याचं. नोव्हेंबरात पंपावर आपोआप हिवाळ्याचं येतं. म्हणून तर कुणाला काही बघावं लागत नाही. पण जुलैमध्ये कोण भरून ठेवतं?”

मी ठेवते. कारण मी माझ्या आईची मुलगी आहे. या देशात लाखो लोक डिझेल वापरतात, पण लागेल तेव्हा पंपावर जातात. चार कॅन भरून, नाव घालून, लोणच्यासारखं मुरत ठेवायची बुद्धी माझ्याशिवाय कुणाला झाली नसती. मला स्वतःची इतकी किळस कधी आली नव्हती. माझ्या व्यवस्थितपणानं मी नवऱ्याचा जीव घेणार होते.

“ह्यांना खाली न्यायला हवं,” मी म्हटलं.

टॅक्सीवाल्यानंच विचारलं, “श्लिटन आहे का?” मुलीची बर्फावरची लाकडी घसरगाडी तळघरात होती, वीस वर्षांपूर्वीची. आम्ही ती वर आणली, तिच्यावर गोधडी घातली आणि ह्यांना बसवलं. उणे तेरात, स्वेटरवर कोट, कोटावर माझी शाल, कानटोपी, पाय पुढे पसरलेले. टॅक्सीवाला पुढून सांभाळत होता, मी मागून दोरी धरून, टाचा रोवत, चाल मंदावत. ट्रॅक्टरच्या बाजूनं जाताना हे त्याच्या उघड्या इंजिनाकडे बघत होते. चढावर फक्त तिघांच्या श्वासांचा आवाज होता, त्यात ह्यांचा सगळ्यात मोठा.

खाली गाडीत बसवताना टॅक्सीवाला सहज म्हणाला, “पण इंजिनिअरसाहेब, तुम्ही तर आयुष्यभर डिझेलचे पंप तपासलेत ना? तुम्हाला नाही कळलं?”

हे आपल्या सुजलेल्या पायांत घातलेल्या, नाडी न बांधलेल्या बुटांकडे बघत राहिले. दार बंद झालं, गाडी निघून गेली आणि मी रिकाम्या घसरगाडीची दोरी धरून तिथेच उभी राहिले. मला आठवलं, ह्यांच्या कंपनीत थंडीची खोली होती. तिथे उणे पंचवीसला पंप चालवून बघायचे. हिवाळ्याचं डिझेल, उन्हाळ्याचं डिझेल, कुठल्या अंशाला मेण धरतं, यावर हे जेवताना इतकं बोलायचे की मुलगी ताट घेऊन उठून जायची. आणि मी कधी कान देऊन ऐकलं नव्हतं.

ह्यांना माहीत होतं.

अशा वेळी माणूस काय करतो? जे समोर आहे ते करतो. टॅक्सी दोन वाजता परत येणार होती. जाताना घसरगाडी खाली उतरली, पण येताना ह्यांना चढावर कोण ओढणार? मी शेकायच्या तीन रबरी पिशव्यांत उकळतं पाणी भरलं, त्या फिल्टरला आणि नळ्यांना गुंडाळल्या, वर जुनी गोधडी टाकली. दोनदा पाणी बदललं. दहाच्या सुमाराला इंजिन खोकत सुरू झालं आणि मी ते धाप लागलेलं धूड उलटं, इंच इंच करत गॅरेजमध्ये नेलं. हीटर लावला. टाकीखालची नळी काढून ते सगळं डिझेल बादल्यांत उतरवलं. ते माझ्या बाह्यांतून कोपरापर्यंत गेलं, केसांना लागलं, तोंडात गेलं. रिकामा कॅन घसरगाडीला बांधून चालत गेले आणि गावातल्या पंपावरून ताजं आणलं. शेतकऱ्याच्या बायकोनं ट्रॅक्टरबरोबर दिलेल्या खोक्यात एक नवा फिल्टर होता, तो बसवला. आणि तरीही इंजिन सुरू होईना.

साडेबारा झाले होते. मी डिझेलानं माखलेल्या बोटांनी ह्यांना फोन लावला. सेंटरमध्ये ह्यांच्या पलंगाशी यंत्राची टिकटिक ऐकू येत होती.

“अहो, टाकी रिकामी केली. नवं भरलं. फिल्टर बदलला. सुरू होत नाही.”

मला वाटलं, फोन कट झाला.

“हवा आहे आत,” हे शेवटी म्हणाले. “फिल्टरच्या डोक्यावर एक छोटा स्क्रू आहे. अर्धा आटा सैल कर. बाजूला पंपाचा दांडा आहे, तो हातानं वर-खाली कर. आधी फेस येईल. मग बुडबुडे नसलेलं डिझेल आलं की स्क्रू आवळ.”

मी फोन स्पीकरवर ठेवला आणि तसं केलं. फेस आला. मग स्वच्छ धार आली. मी स्क्रू आवळला, पण किल्ली फिरवली नाही.

“तुम्हाला माहीत होतं.”

“हो.”

“जुलैपासून?”

“जुलैमध्ये वाटलं, थंडीच्या आधी सांगेन. मग... नाही सांगितलं.” टिकटिक. “कंटाळलो गं मी. एखादा सोमवार आपोआप चुकला असता. कुणाला दोष नाही.”

“मला दोष नाही? माझे कॅन होते ते!”

“ते नव्हतं आलं डोक्यात.” मग आवाज आणखी खाली गेला. “आणि तुला किळस येते माझी. रविवारी मान फिरवतेस. दिसतं मला.”

मी गॅरेजच्या जमिनीवर, सांडलेल्या डिझेलातच बसले होते. खोटं बोलायची ताकद नव्हती. मी म्हटलं, “येते. येते मला किळस. ग्रीसची येते, त्या मेलेल्या उंदरांची आली, शेणाची आली. डिझेल प्यायलेय मी आज. तरी इथे बसलेय ना? किळस आली म्हणून कुठलं काम टाकलं मी?”

पलीकडून एका नर्सचा आवाज आला आणि फोन बंद झाला. मी किल्ली फिरवली. काळी उबळ, घरघर.

दोन वाजता टॅक्सी थेट दारापर्यंत आली. हे माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले, मी केलेल्या रस्त्याकडे एकदा बघितलं आणि आत जाऊन झोपले. संध्याकाळी उकडलेल्या बटाट्याचा लगदा आम्ही दोघांनी समोरासमोर बसून खाल्ला. मला अजून इतका राग होता की ताटं मी आपटतच उचलली.

मंगळवारी दुपारी मी गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवसासाठी खडी भरत होते. घराकडून जिन्यावर पावलं वाजली, थांबत थांबत. हे भिंत धरून आले. नोव्हेंबरनंतर पहिल्यांदा. प्लास्टिकच्या खुर्चीवरची धूळ तळव्यानं झटकली, बसले, दम खाल्ला. मग पुढे वाकून पात्याच्या खालून बोट फिरवलं आणि ते काळं झालेलं बोट माझ्यासमोर धरलं.

“पट्टी एका कडेनं झिजलीये,” म्हणाले. “काढ, आणि उलटी करून लाव. अजून दोन हिवाळे जातील.”

मी हातमोजे काढले, कारण बोल्ट मोज्यांत धरता येत नाहीत, आणि पाना घेऊन ह्यांच्या पायाशी खाली बसले.